पार्श्वभूमी : मामा तलावांच्या मुलखातलं मत्स्यशिक्षण

विदर्भात मत्स्यविज्ञानाचं स्वतंत्र महाविद्यालय आलं ते एकविसाव्या शतकात. त्याआधी इथल्या मुलांपुढे दोन वाटा होत्या. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून एम.एस्सी.ला मत्स्यशास्त्र हा विशेष विषय घ्यायचा, नाहीतर घर सोडून रत्नागिरी गाठायची. तिथलं महाविद्यालय १९८१चं, कोकणातल्या कृषी विद्यापीठाखालचं, आणि त्याचं तोंड साहजिकच समुद्राकडे.

मासे मात्र इथे कॉलेजची वाट बघत नव्हते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे. कोहळी समाजानं पाळी म्हणजे तलावाचे बांध घातले, धानाला पाणी दिलं, आणि मासेमार ढिवरांनी त्याच पाण्यात मासे धरले, शिंगाडा लावला. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ झाले. पुढे पाणी एका खात्याचं, मासे दुसऱ्याचं, अशी वाटणी झाली.

शिक्षणावर खरा ठसा उमटला तो १९५७चा. त्या वर्षी ओडिशात पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचं प्रजनन साधलं. कटला, रोहू, मृगळ हे कार्प साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, म्हणजे अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. त्यामुळे तोवर बीज, म्हणजे माशांची पिल्लं, नदीतून गोळा करून दूरदूर न्यावं लागे. आता ते बीजकेंद्रावर तयार होऊ लागलं. मत्स्यजिरे (अगदी बारीक पिल्लं), बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) हे शब्द मच्छीमार सोसायट्यांच्या तोंडी बसले. पण तलावात हे मासे वाढत नसल्यानं नव्हे, वीत नसल्यानं बीज दरवर्षी नव्यानं विकत आणावं लागतं. मरळ आणि मागूर हे देशी मासे तसे नाहीत. ते तलावातच वितात. मरळ तर पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटं करून पिल्लांची राखणही करतो. त्याचं बीज कोणी विकत नव्हतं, म्हणून योजनांच्या हिशेबात तो मागेच राहिला, असं माझं मत आहे.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवं. सरकारी मराठीत समुद्र आणि खाडी सोडून उरलेल्या मासेमारीला ‘भूजल मत्स्यव्यवसाय’ म्हणतात. कुठे ‘भूजलाशयीन’ असंही लिहितात. आणि विहिरी, बोअर मोजणाऱ्या खात्याच्या कागदावर भूजल म्हणजे जमिनीच्या पोटातलं पाणी. दोन्ही कागद एकाच ग्रामपंचायतीत येतात. ‘भूजल क्षेत्र किती?’ या प्रश्नाला सरपंचानं तलावाचे हेक्टर सांगायचे की विहिरीची पातळी? पण हा नुसता भाषेचा घोळ नाही. ‘भूजल’ म्हणजे ‘समुद्र नव्हे ते सगळं’, अशी उरलेल्याची व्याख्या केली की धरण, नदी, बोडी (शेतातलं छोटं तळं) आणि मामा तलाव एकाच रकान्यात जातात. गोसीखुर्द धरणाचा जलाशय आणि धानाला पाणी सोडल्यावर उन्हाळ्यात आटणारी बोडी यांना एकच मोजमाप लागतं. गंमत नाही, खरंच आहे : पाळीखालच्या विहिरींना याच तलावाच्या पाझराचं पाणी मिळतं. म्हणजे दोन्ही भूजलं जमिनीत एकमेकांना भेटतात, फक्त कागदावर भेटत नाहीत.

२००० साली पशुवैद्यक आणि मत्स्य यांच्यासाठी नागपुरात वेगळं विद्यापीठ निघालं. रत्नागिरी मात्र कोकणच्याच विद्यापीठाकडे राहिली. मत्स्यपदवी द्यायची कोणी, हा वाद त्यातूनच उभा राहिला. विदर्भाच्या बाजूनं पाहिलं तर नागपुरात फुटाळा तलावाच्या परिसरातच मत्स्यविज्ञानाचं महाविद्यालय आलं, हे मोलाचं झालं. तरी एक दरी उरली. चार वर्षांच्या व्यावसायिक पदवीत संवर्धन, खाद्य, रोग, बीजकेंद्र यांवर जोर, तर तलावातल्या पाण्याचा, प्लवकांचा (तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा), वनस्पतींचा अभ्यास बव्हंशी प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागांत, वेगळ्या विद्यापीठांत. २०११ला गडचिरोलीत विद्यापीठ झालं, तेव्हा तलावांच्या जिल्ह्यातच संशोधनाची सोय झाली. २०२५मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे वीज आणि कर्जाचे प्रश्न पुढे आले, तलावाच्या तळाचे नाहीत.

तळाचं काम गावात झालं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेल्या काही वर्षांत ढिवर बाया-पुरुषांनी तलावांतली बेशरम ही माजलेली झुडपं उपटली, चिखल करून स्थानिक पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत यावेत म्हणून. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याला जातो, हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. मत्स्यविज्ञानाच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभव असतो. तो त्या पाळीवर, त्या बायांच्या हाताखाली का होऊ नये, एवढंच मला विचारायचं आहे.