शेत मुलाला, सोनं मुलीला : सांगली-साताऱ्यातल्या घरगुती गुंतवणुकीची पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या शेतकरी घरात पैसा कुठे घालायचा, हे सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे त्यावरून ठरत आलं. नाव असेल तर विकास सोसायटीचं सभासदत्व, त्यावर पीककर्ज, कारखान्याचा शेअर, ठिबकचं अनुदान. उसाचं बिलही सभासदाच्याच खात्यावर. भांगलण (खुरपणी) बाईची, बोअर मारायची की द्राक्षबाग लावायची, हे ठरवणार नावावर जमीन असलेला पुरुष.

मुलीची बोळवण सोन्यावर होई. तासगाव भागात छाटणीला, औषधाला पैसा कमी पडला की गहाण पडतात त्या सुनेच्या पाटल्या. बाग नवऱ्याच्या नावावर, जोखीम तिच्या दागिन्यांवर.

1956च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी वडिलांची वारस झाली, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्रानं तो मुलीलाही दिला 22 जून 1994 पासून, केंद्राच्या 11 वर्षं आधी. मात्र त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. एकाच आईबापाची थोरली बाहेर आणि धाकटी हिस्सेदार, हा भेद कशाच्या आधारावर? लग्नात सोनं घातलंय, मग जमीन कशाला, असं समर्थन गावोगाव आजही ऐकू येतं. ते पटण्यासारखं नाही. सोनं मोडलं की संपतं; जमिनीवर दर हंगामाला कर्ज उभं राहतं, आणि कर्ज ज्याच्या नावावर, शब्दही त्याचाच.

2005च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. 20 डिसेंबर 2004 आधीचे व्यवहार आणि नोंदणीकृत वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात हवेत का, यावर न्यायालयांत मतभेद होते; सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020च्या निकालानं ती गरज नाही असं ठरलं. एवढं होऊनही बहिणी दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सही करतात. माहेर तुटू नये, ही भीती खरी असते. पण त्या सहीनं बहिणीची पीककर्जाची वाटही बंद होते, हे तिला तिथे कोणी सांगत नाही.

शहरात चित्र थोडं बदललं. एप्रिल 2021 पासून बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, म्हणून घरं बायकोच्या नावावर होऊ लागली. 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ही त्यातली अट 2023 मध्ये काढली. म्हणजे घर विकण्यासाठी तिच्यावर दबाव आणायची वाट पुन्हा मोकळी झाली.