निलेकणी, नंदन

(२ जून १९५५). भारतीय संगणक-उद्योजक, गुंतवणूकदार व दाते. जन्म बंगळूर येथे. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये लागले. तेथे नारायण मूर्तींची गाठ पडली आणि १९८१ मध्ये या दोघांसह सात जणांनी १०,००० रुपये भांडवलावर पुण्यात इन्फोसिस काढली. २००२–०७ या काळात निलेकणी तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते.

ग्रामीण विदर्भात हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. काम मात्र अंगठ्याखाली आहे. २००९ मध्ये ते आधार क्रमांक देणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या वर्षी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. वऱ्हाडात आधार मुरले ते रेशन दुकानातल्या, अंगठा टेकवून ओळख पटवणाऱ्या पॉस मशीनमुळे आणि कर्जमाफीमुळे. २०१९ अखेरच्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत यादीत नाव आले तरी आधार प्रमाणीकरणावाचून रक्कम जमा होत नसे. ‘अंगठा लागत नाही’ ही तक्रार तेव्हापासून घरोघरची. कापूस वेचताना बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटे ओरबाडतात, निंदण-खुरपणात रेषा झिजतात. म्हणजे जो जास्त राबतो त्यालाच मशीन ओळखत नाही. मग ओटीपी. मेळघाटात त्यासाठी आधी नेटवर्क शोधावे लागते. पीएम-किसानचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळच्या सभेतून सुटला, तोही आधारशी जोडलेल्या खात्यांवरच.

२०१४ ची लोकसभा निवडणूक हरल्यावर ते नवउद्योगांत पैसा गुंतवू लागले. २०१७ मध्ये संजीव अग्रवाल यांच्यासह त्यांनी फंडामेंटम हा निधी उभारला. तो पेरणीला नव्हे, उभ्या पिकाच्या खताला पैसा देतो : आधीच पाय रोवलेल्या कंपन्यांना. गावातल्या होतकरूच्या तो उपयोगाचा नाही. त्याच वर्षी ते इन्फोसिसच्या अध्यक्षपदी परतले.

पत्नी रोहिणी यांची अर्घ्यम ही संस्था पाण्याच्या प्रश्नावर काम करते. निम्मी संपत्ती दान करण्याची प्रतिज्ञा उभयतांनी २०१७ मध्ये केली. २०२३ मध्ये निलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळेपर्यंत पोचले ते दोघांच्या एकस्टेप संस्थेचे काम. तिच्या सनबर्ड या मुक्त आज्ञावलीवर केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे शालेय अभ्याससाहित्याचे संकेतस्थळ उभे आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिकडेच नेतात. कोड उघडायला फोन लागतो, आणि घरातला एकुलता एक फोन दिवसभर बहुधा बापासोबत वावरात असतो.