छातीत घुसलेली जखम: रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे

आमच्या प्रथमोपचार पेटीत चेस्ट सीलचे, म्हणजे छातीच्या भोकावर चिकटवायच्या झडप असलेल्या पट्टीचे, दोन नग असतात. बांधकामाची सळई, लेथवरून उडालेला तुकडा, कोयता किंवा बैलाचे शिंग, कशानेही छातीला भोक पडू शकते. हे पत्रक आजच वाचून ठेवा, त्या वेळी वाचायला सवड मिळत नाही.

आधी १०८ किंवा ११२ ला फोन लावा. "छातीत आत गेलेली जखम आहे, श्वासाला त्रास होतोय" असे नेमके सांगा. फोन स्पीकरवर ठेवला की दोन्ही हात मोकळे राहतात.

भोक इतके घातक का?
फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या फटीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो, म्हणून तर फुफ्फुस फुगलेले राहते. भोक पडले की हवा तिथूनच आत शिरते आणि त्या बाजूचे फुफ्फुस आक्रसते. श्वासागणिक फसफस आवाज येतो, रक्तात फेस दिसतो. आवाज आला नाही तरी जखम खोल नाही असे समजू नका.

वस्तू रुतलेली असेल तर उपसू नका
फाटलेल्या रक्तवाहिनीला तिनेच बूच घातलेले असू शकते. दोन्ही अंगांना गॉझच्या जाड गुंडाळ्या लावून ती हलणार नाही अशी बांधा. तिच्यावरून सील चिकटवू नका.

सील कशी लावावी
हातमोजे घाला आणि सदरा कात्रीने कापून छाती उघडी करा. पाठ, काख, खांद्याच्या पात्याखालची जागा, स्तनाखालची घडी हे सगळे नीट पाहा. एका जखमेपाशी गुंतलेल्या माणसाच्या नजरेतून पाठीवरची दुसरी जखम सहज सुटते, पेटीत दोन नग त्यासाठीच आहेत.

जखमेभोवतीचे रक्त आणि घाम गॉझने कोरडे पुसा. बहुतेक वेळा सील सुटते ती ओल्या कातडीमुळे. मागचा कागद काढा, रुग्णाने श्वास सोडला की झडपेचा भाग बरोबर भोकावर येईल अशी सील ठेवा आणि कडा चहूकडून दाबून बसवा. झडप आतली हवा बाहेर सोडते, बाहेरची आत घेत नाही.

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला त्याला बरे वाटेल तसे टेकून बसवा. बेशुद्ध असून श्वास चालू असेल, तर जखमेची बाजू खाली करून कुशीवर वळवा. पाणीसुद्धा देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. श्वास थांबला तर छाती दाबून सीपीआर सुरू करा.

सील लावल्यावर बाजूला होऊ नका
खरा धोका इथून पुढे आहे. रक्ताच्या गुठळीने झडप बंद झाली की आत हवा कोंडते, दाब वाढतो आणि हृदयाकडे येणारे रक्त अडते. दम आणखी लागणे, घाबरेपणा, ओठ निळसर होणे, मानेच्या शिरा फुगणे ही त्याची लक्षणे. मात्र रक्त खूप गेले असेल तर शिरा फुगतीलच असे नाही. ही लक्षणे दिसली की रुग्ण श्वास सोडताना सीलची एक कड उचला, हवा निघू द्या, जखमेच्या तोंडावरची गुठळी पुसा आणि कड पुन्हा बसवा.

सील हाताशी नसेल तर
प्लास्टिकची पिशवी चारही बाजूंनी चिकटवणे सर्वांत वाईट, कोंडलेल्या हवेला वाटच उरत नाही. तीन बाजू चिकटवून चौथी मोकळी ठेवण्याची जुनी पद्धतही आम्ही सुचवत नाही, कारण रक्ताने ती चौथी बाजू चिकटून बसते. जखम उघडीच ठेवा. वाहते रक्त थांबवायला गॉझ धरावा लागला, तर तो भिजताच बदला, चिंब गॉझही हवा अडवतो. भोकात बोळा कोंबू नका.

पेटी गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा भट्टीजवळ ठेवू नका, उष्णतेने सीलचा चिकटा खराब होतो. पाकिटावरची मुदत दर सहा महिन्यांनी तपासा आणि फाटलेले पाकीट बदलून घ्या.