भूल नव्हे, गुंगी

दाताच्या दवाखान्याचा जिना चढायचा आणि आतून ड्रिलचा आवाज आला की तसंच खाली उतरायचं, अशी माणसं सदाशिव पेठेत काय नि कोथरूडात काय, आजही आहेत. दुखणं गोळ्यांवर ढकललं जातं आणि वाचली असती ती दाढ शेवटी काढावी लागते. त्यांना गुंगी देऊन उपचार करू म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: म्हणजे पूर्ण भूल का? सुन्न करायच्या इंजेक्शनलाही आपण भूलच म्हणतो आणि ऑपरेशनच्या झोपेलाही, म्हणून हा घोळ. गुंगीत माणूस शुद्धीवर असतो, ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडतो, श्वास आपला आपण घेतो. धास्ती तेवढी ओसरते.

शोध मात्र लागला तो वेदनेवरच्या उपायाचा. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे लाफिंग गॅसचा, जाहीर खेळ झाला. गॅस हुंगलेल्या एकाच्या पायाला जखम झाली आणि त्याला पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स हे दंतवैद्य होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गॅस हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली! पुढच्याच महिन्यात बॉस्टनच्या प्रात्यक्षिकात रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची छी-थू झाली. १८४६ मध्ये ईथर या भूल देणाऱ्या दुसऱ्या द्रव्यानं बाजी मारली. १८४८ मध्ये, अवघ्या ३३ व्या वर्षी, वेल्स यांनी आयुष्य संपवलं. वाचताना आजही चुटपुट लागते, कारण वाट त्यांना बरोबर सापडली होती.

१८६८ मध्ये शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज यांनी या गॅसमध्ये ऑक्सिजन मिसळला, तेव्हा जीव गुदमरण्याचा धोका घटला. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन हे सुन्न करणारं औषध तयार झालं. पुढं दाढेपुरतं सुन्न करणं सोपं झालं. उरली ती भीती. तिच्यासाठी जुना गॅस सौम्य प्रमाणात कामी आला. शिरेतून गुंगी देण्याची पद्धत कॅलिफोर्नियात नील्स यॉर्गेनसेन यांनी १९४५ च्या सुमारास बसवली. आज त्यासाठी बहुधा मिडाझोलम वापरतात. ब्रिटननं तर २००१ अखेर साध्या दवाखान्यात पूर्ण भूल देणंच थांबवलं.

आता गॅससाठी नाकावर छोटा मास्क बसतो आणि यंत्र ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊ देत नाही. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की डोकं स्वच्छ होतं. मिडाझोलमचं तसं नाही. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लागतो, घरचं कुणीतरी सोबत हवं, आणि त्या दिवशी गाडीची किल्ली त्यांच्याच हाती द्यायची.