दोन बटणांची डोअरबेल (एका चाइमवर)

घराच्या पुढच्या आणि मागच्या दाराला वेगवेगळं बटण आणि आत वाजणारी बेल, म्हणजे चाइम, मात्र एकच, अशी जोडणी म्हणजे दोन बटणांची डोअरबेल. यात कुठल्या दारावर कोण आलंय ते आवाजावरूनच कळतं, पुढचं बटण दाबलं की 'डिंग-डाँग' आणि मागचं दाबलं की नुसतं 'डिंग'. विजेने लांबून घंटा वाजवायचा प्रयोग जोसेफ हेन्रीने 1831 मध्ये ऑल्बनीला करून दाखवला होता, मैलभरापेक्षा लांब तारेतून, आणि आजच्या साध्या चाइममध्येही तत्त्व तेच आहे, कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, करंट गेला की ती लोखंड ओढते.

चाइम उघडला की आत सहसा दोन कॉइल दिसतात आणि प्रत्येकीत सरकणारा एक लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर. बटण दाबलं की प्लंजर झटक्यात पुढे जाऊन एका धातूच्या पट्टीवर आपटतो, तो डिंग. बटण सोडलं की स्प्रिंग त्याला मागे ढकलते आणि तो दुसऱ्या पट्टीवर आपटतो, तो डाँग. म्हणजे डाँग हा बटण सोडल्याचा आवाज आहे, म्हणून बटण दाबून धरलं तर तो येतच नाही. मागच्या दाराच्या प्लंजरला परतीच्या बाजूला पट्टी लागत नाही म्हणून त्याचा एकच सूर.

आता वायरिंग. चाइमवर तीन स्क्रू असतात, फ्रंट, ट्रान्स आणि रिअर, आणि सगळा गोंधळ या मधल्या ट्रान्समुळे होतो कारण लोकांना वाटतं ट्रान्सफॉर्मरच्या (घरच्या विजेचं व्होल्टेज कमी करून बेलला देणारा डबा) दोन्ही वायरी इथेच कुठेतरी लागणार. तसं नाहीये. ट्रान्सफॉर्मरची एकच वायर ट्रान्सवर येते, दुसरी चाइमला शिवतसुद्धा नाही, ती थेट दोन्ही बटणांकडे जाते, प्रत्येक बटणाच्या एका स्क्रूवर. मग पुढच्या बटणाच्या उरलेल्या स्क्रूवरून वायर येते फ्रंटवर आणि मागच्याच्या रिअरवर, झालं. दोन्ही बटणांना येणारी वायर कॉमन, परत जाणारी वेगळी, एवढं डोक्यात बसलं की ड्रॉइंग बघायची गरज पडत नाही. करंट एसी (सतत दिशा बदलणारा) असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरची कुठली वायर कुठे लावायची याने फरक पडत नाही. बटणं एकामागोमाग सिरीजमध्ये जोडली तर मात्र दोन्ही एकदम दाबल्याशिवाय बेल वाजणार नाही.

चाइमला दोनच स्क्रू असतील तर दोन्ही बटणं पॅरलल (एकमेकांना समांतर) लावायची, बेल दोन्हीकडून वाजेल पण दार ओळखता येणार नाही. थेट मेन्सवर, म्हणजे घरच्या मुख्य विजेवर, चालणाऱ्या बेललाही हेच, न्यूट्रल सरळ बेलला आणि फेज बटणांतून. पण तिथे बटणातच पूर्ण व्होल्टेज असतं त्यामुळे मेन स्विच बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि लो-व्होल्टेजची बारीक बेल वायर तर तिथे अजिबात वापरायची नाही. अर्थात ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (वीज आत येणारी) बाजूसुद्धा मेन्सच आहे हे विसरू नये.

ट्रान्सफॉर्मर बऱ्याच ठिकाणी 16 व्होल्ट 10 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याची क्षमता) असतो, काही देशांत 8 किंवा 12 व्होल्टचाही, चाइमवर लिहिलेलं बघून घ्यायचा. 10 व्हीए म्हणजे 16 व्होल्टला साधारण 0.6 अँपिअर. 18 गेजच्या (अमेरिकन माप, AWG) तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला 21 ओहमच्या आसपास, म्हणजे 30 मीटरवरच्या दारापर्यंत जाऊन-येऊन 60 मीटर तार धरली तरी जेमतेम पाऊण व्होल्ट पडतो. तेव्हा मागचं दार लांब आहे म्हणून बेल वाजत नाही हे कारण बहुतेक वेळा खरं नसतं, जॉइंट गंजलेला निघतो.

दिवा असलेलं बटण असेल तर तो छोटा दिवा स्विचला पॅरलल असतो आणि त्याचा थोडासा करंट कायम कॉइलमधून जात असतो, तेवढ्याने प्लंजर हलत नाही. बटण दाबल्यावर दिवा विझतो ते बरोबरच आहे. व्हिडिओ डोअरबेल याच मार्गाने पॉवर घेते पण तिला भूक जास्त, 10 व्हीए तिथे बऱ्याचदा पुरत नाही.

बिघाड शोधायला कॉमन वायर फार कामाची. एका दाराची बेल वाजतेय आणि दुसऱ्याची नाही, तर ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्सची वायर दोन्ही ठीक आहेत, दोष त्या दाराच्या फांदीत. लो-व्होल्टेज असेल तर बटण काढून त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवायच्या, वाजली तर बटण गेलंय. डिंगनंतर डाँग न येता नुसती गुणगुण चालू राहिली तर पुढचं बटण अडकलंय, लगेच सोडवा नाहीतर कॉइल तापून जळते. प्लंजर जाम असेल तर पुसून कोरडा करायचा, तेल नको, तेलाला धूळ चिकटते आणि परत तेच.

पुढच्या दाराला डिंग आणि मागच्याला डिंग-डाँग होत असेल तर फ्रंट-रिअरची अदलाबदल झालीय, चाइमपाशीच सरळ करायची. जास्त फसवणारी चूक म्हणजे ट्रान्स आणि फ्रंट उलटे लागणं, कारण पुढचं बटण तेव्हाही व्यवस्थित वाजतं. मागचं दाबलं की मात्र करंट दोन्ही कॉइलमधून सिरीजमध्ये जातो, कुणालाच पूर्ण व्होल्टेज मिळत नाही आणि चाइम नुसता कुरकुरतो, मग माणूस मागचं बटण बदलत बसतो.