लाइफ ड्रॉइंग

लाइफ ड्रॉइंग म्हणजे समोर खराखुरा माणूस बसवून किंवा उभा करून त्याच्याकडे बघत बघत काढलेलं चित्र, फोटोवरून नाही आणि मनाने तर नाहीच नाही. सांगली-मिरजेकडे एवढं लांब नाव कोणी घेत नाही, ‘आज फिगर आहे’ नाहीतर ‘मॉडेल बसलंय’ एवढं म्हटलं की कळतं. नुसतं डोकं काढायचं असेल तर हेड स्टडी आणि अख्खा माणूस असेल तर फुल फिगर.

आपल्याकडे क्लासला येणारी बहुतेक पोरं एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा देऊन आलेली असतात, आणि स्मरणचित्राच्या पेपरसाठी त्यांनी एक माणूस पाठ केलेला असतो. बाजार असो, बसस्टॉप असो की गणपतीची मिरवणूक, तोच तो एका बाजूला तोंड केलेला, हातात पिशवी धरलेला. मॉडेल समोर बसलेलं असताना सुद्धा हात त्या पाठ माणसाकडेच पळतो, म्हणून पहिले एक-दोन महिने नवीन काही शिकण्यापेक्षा तो माणूस हातातून काढण्यातच जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

ही पद्धत मूळची युरोपातली. इटलीत बोलोन्याला १५८२ च्या सुमारास काराची घराण्यातल्या चित्रकारांनी अकादमी काढली तिथे जिवंत मॉडेलवरून काढण्यावर भर होता, नंतर बहुतेक कलाशाळांनी ते उचललं. नग्न मॉडेलवरून भांडणंही बरीच झाली. लंडनच्या रॉयल अकादमीत बायकांना लाइफ क्लासमध्ये बसायला १८९३ उजाडलं, आणि फिलाडेल्फियाच्या कलाशाळेत शिकवणाऱ्या थॉमस इकिन्स या चित्रकाराने मुलींसमोर पुरुष मॉडेलचं कमरेचं फडकं काढलं म्हणून १८८६ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ चं, पण तिथे लाइफ क्लासला खरा जोर आला तो कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन तिथे प्रमुख म्हणून आल्यावर, म्हणजे १९२० च्या आसपास. जिल्ह्याच्या गावात आजही मॉडेल कपड्यातच असतं, आणि त्यात काही बिघडत नाही.

बिघडत नाही म्हणजे काय, उलट फायदाच आहे. फेटा, धोतर, मुंडासं, खांद्यावर घोंगडी घेतलेले आजोबा हे आपल्या भागातलं ठरलेलं मॉडेल. धोतराच्या चुण्या कुठून सुटतात बघा, जिथे शरीर आतून कापडाला टेकतं तिथूनच, म्हणजे गुडघा, ढुंगण, मांडीचा वरचा भाग, आणि मधलं कापड नुसतं लोंबतं. हे टेकण्याचे बिंदू सापडले की आतला पाय न दिसता कळतो, आणि नाही सापडले तर चुण्या दोरीवर वाळत घातल्यासारख्या दिसतात. स्नायू बघायचे असतील तर सांगलीत तालमीला तोटा नाही. लंगोट लावलेला पैलवान पाठमोरा उभा राहिला की खांद्याचं पातं हात वर करताना कसं बाहेरच्या बाजूला फिरतं ते अॅनाटॉमीच्या तक्त्यापेक्षा लवकर समजतं. मात्र पैलवान एका जागी स्थिर राहत नाही, आजोबा राहतात. फक्त आजोबांना झोप येते. मान हळूहळू खाली जाते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि शेवटी निम्म्या वर्गाच्या चित्रात हनुवटी वर आणि निम्म्यांच्या छातीला टेकलेली असं होतं.

म्हणून साधारण वीस मिनिटं पोझ आणि पाच मिनिटं विश्रांती असं चालतं, उठण्याआधी पावलांभोवती खडूने रेघ मारून ठेवतात म्हणजे परत त्याच जागी उभं राहता येतं. सुरुवातीला मात्र अर्ध्या मिनिटाच्या, एक-दोन मिनिटांच्या झटपट पोझ घेतात. त्यात नाक-डोळे काढायला वेळच नसतो, हालचाल पकडायची आणि पान उलटायचं. नवीन पोरांना हा प्रकार अजिबात आवडत नाही कारण घरी दाखवायला काही उरत नाही.

बसायला ‘डाँकी’ असते, म्हणजे लाकडी बाकासारखी घोडी, तिच्यावर टांग टाकून बसायचं आणि पुढच्या उभ्या फळीला बोर्ड टेकवायचा. कागद हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच, आणि कोळशाच्या कांड्या, त्या विलो नावाच्या झाडाच्या बारीक काटक्या हवा लागू न देता भाजून केलेल्या असतात. पुटी रबर मळून मळून त्याचं टोक काढायचं आणि कोळसा पुसायचा नाही, टिपायचा. खोडरबर यायच्या आधी लोक पावाचा गर वापरायचे, आजही चालतो, फक्त तुपकट नको.

मापाचं गणित डोक्यावर चालतं. टाळूपासून हनुवटीपर्यंत एक डोकं धरलं तर मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच भरतो, चित्रात जरा रुबाबदार दिसावा म्हणून आठ धरतात. आपल्या शिल्पशास्त्रात हेच तालमानात सांगितलंय, बारा अंगुळांचा एक ताल आणि नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. हात ताणून धरलेल्या पेन्सिलीवर अंगठा सरकवत, एक डोळा मिटून माप घेतात, आणि कोपर वाकलं की सगळं माप गेलं. नेहमीची चूक म्हणजे डोकं मोठं आणि पंजे लहान, पंजा हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंत पोचतो हे स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बघितलं तरी पटत नाही लोकांना. खरी पंचाईत आपल्या मॉडेलची, कारण ते खुर्चीवर कमी आणि मांडी घालून जास्त बसतं. मग बुडापासून टाळूपर्यंत चार डोकी आणि पुढे मांड्या थेट आपल्या अंगावर आलेल्या, लांबी दिसतच नाही, नुसता गुडघ्याचा गोळा. तिथे मोजलेलं विसरून दिसतंय तेच काढावं लागतं.

पण एवढं सगळं माप जुळूनही फिगर हवेत तरंगते, कारण वजन कुठे पडलंय ते बघितलेलं नसतं. लाइफ ड्रॉइंगमध्ये शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन. गवंड्याचा ओळंबा घ्या, नाहीतर दोऱ्याला खोडरबर बांधा, आणि गळ्याच्या खाचेतून खाली सोडून बघा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर दोरा बरोबर त्याच पायाच्या घोट्यावर येतो. त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. बासरीवाला कृष्ण असाच उभा असतो. याच्या उलट आपला विठोबा, समपाद, दोन्ही पायांवर सारखा भार, खांदे सपाट. विठोबा काढताना आणखी एक युक्ती शिकता येते, कमरेवरचा हात आणि अंग यांच्या मधली ती तिकोनी मोकळी जागा आधी काढायची, हात आपोआप जागेवर येतो. सर लोक शेजारी उभे राहून फार बोलत नाहीत, कोळसा घेऊन आपल्या तासाभराच्या चित्रावरून गळ्यापासून जमिनीपर्यंत एक उभी रेघ ओढतात आणि पुढे जातात, आणि पाय कुठे असायला हवा होता ते त्या रेघेवरच दिसतं.

सहल निघाली तर सातारा जिल्ह्यातलं औंध. यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे, हा राजा स्वतः चित्रं काढायचा. रवी वर्मा, धुरंधर यांची चित्रं सगळे बघतात, पण पोरांना मी हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या दगडी आई-मुलासमोर थांबायला सांगेन. नाक-डोळे जवळजवळ नाहीत तरी मूल आईला किती जड झालंय ते कळतं.

एरवी रोजचा सराव बाहेरच करायचा. कृष्णेचा घाट आहे, मिरज जंक्शन आहे, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे हळदीचं मार्केट. पोतं पाठीवर घेतलेला हमाल बघा, मान पुढे, गुडघे जरा वाकलेले, आणि ओळंबा आता गळ्यातून सोडून चालत नाही कारण वजन माणसाचं एकट्याचं राहिलेलं नाही, पोतं धरून हिशोब करावा लागतो. तो थांबणार नाही. चार रेघा झाल्या की गेला, त्याच कागदाच्या कोपऱ्यात दुसरा सुरू करायचा, थोड्या वेळाने पुढचं पोतं घेऊन कोणीतरी त्याच पोझमध्ये येतोच, तेव्हा अर्धवट राहिलेला पाय पुरा करून घ्यायचा.