साबणाचा ‘शाबण’ होऊ नये म्हणून

संगणकासाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा असल्याचं ‘नासा’ने सिद्ध केलंय, हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून उगवतोच. रिक ब्रिग्ज या नासाच्या केंद्रातल्या संशोधकाने 1985 साली एक लेख लिहिला, एवढं खरं. संस्कृत वैयाकरणांचं वाक्यविश्लेषण आणि संगणकात ज्ञान मांडायची रीत यांतलं साम्य त्याने दाखवलं होतं. बाकीची फोडणी नंतरची. पण पाणिनीने सुमारे 4000 सूत्रं रचून हातात दिली. ती कुणी दिलीच नसती आणि फक्त उदाहरणं समोर असती, तर संगणकाने नियम शोधले असते का?

आपलं सामान्यरूप घ्या. मासा–माशा, घसा–घशा, साबण–साबणा. एक अक्षरमाला आत जाते, दुसरी बाहेर येते. असं काम करणाऱ्या छोट्या यंत्राला ‘ट्रान्सड्यूसर’ म्हणतात. ते शब्द डावीकडून उजवीकडे वाचतं, मोजक्याच ‘स्थितीं’पैकी (म्हणजे आतापर्यंत काय वाचलं याच्या खुणांपैकी) एकीत असतं आणि वाचता वाचता उत्तर लिहीत जातं.

गंमत ‘सा’पाशी आहे. ‘ससा’चं होतं ‘सशा’, पण ‘ससाणा’चं ‘ससाण्या’. ‘ससा’पर्यंत वाचल्यावर यंत्राने काय लिहावं? पहिला ‘स’ बिनधास्त लिहावा, कारण दोन्ही उत्तरांत तो आहे. ‘सा’ मात्र हातात धरून ठेवायचा. शब्द संपला तर ‘शा’ लिहायचं, पुढे अक्षर आलं तर ‘सा’.

ही सबुरी यंत्राला उदाहरणांवरूनच शिकवता येते. ओन्सिना, गार्सिया आणि विदाल या स्पेनमधल्या संशोधकांनी 1993 साली त्याची रीत मांडली. आधी सगळ्या शब्दांचं एक झाड करायचं. सुरुवात सारखी असलेले शब्द एका फांदीवर. मग उत्तराचा जेवढा भाग फांदीवरच्या सर्व शब्दांत समान, तेवढा बुंध्याकडे सरकवायचा. उरतं ते आपोआप ‘हातात धरलेलं’. त्यानंतर दोन-दोन स्थिती एकत्र करून बघायच्या. ‘मा’नंतरची आणि ‘घ’नंतरची स्थिती यापुढे सारखीच वागत असेल, तर वेगळी ठेवायची कशाला? जोडल्यावर एकाच शब्दाची दोन उत्तरं निघू लागली, तर ती जोडणी रद्द. नमुन्यात फक्त मासा, ससा, घसा असतील, तर मात्र विरोध करायला कुणीच नाही. मग साबणाचा ‘शाबण’ झाला तरी यंत्राला खटकत नाही.

मग कठीण काय? दिलेल्या उदाहरणांशी जुळणारं सर्वांत लहान यंत्र शोधणं. फक्त 5 स्थिती आणि 10 अक्षरं घेतली, तरी स्थितींमधल्या वाटा 5 चा 50वा घात इतक्या प्रकारे आखता येतात. म्हणजे 35 अंकी संख्या. नुसती संख्या मोठी म्हणून प्रश्न कठीण ठरत नाही. पण शब्द वाचून फक्त हो किंवा नाही म्हणणाऱ्या यंत्रांसाठीसुद्धा हा प्रश्न ‘एनपी-कम्प्लीट’ आहे, असं गोल्ड यांनी 1978 मध्ये सिद्ध केलं. सर्व बाबतींत झटपट चालणारी रीत त्यासाठी कुणालाच सापडलेली नाही. स्पॅनिश रीत यातून निसटते, कारण ती कोणत्याही नमुन्यातून सर्वांत लहान यंत्राची हमी देत नाही. नमुन्यात नेमकी हवी ती उदाहरणं असली आणि प्रत्येक अक्षरमालेला उत्तर असलं, तरच ती बरोबर यंत्रापर्यंत पोहोचते.

भाषेत प्रत्येक अक्षरमालेला उत्तर कुठून असणार? ‘णसाम’ असा शब्दच नाही. गिल्डिया आणि जुराफ्स्की यांनी 1996 साली हीच रीत अमेरिकी इंग्रजीतल्या ‘ट’च्या उच्चारबदलावर वापरली. हजारो शब्द देऊनही नियम हाती आला नाही. शेजारच्या ध्वनींकडे पाहा, उगाच बदल करू नका, अशा भाषाशास्त्रीय सूचना आधीच पेरल्यावर तो आला. ‘डेटा ओता, व्याकरण आपोआप येतं’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. आजची न्यूरल जाळी, म्हणजे चॅटबॉटसारख्या एआयमागची उदाहरणांवरून शिकणारी यंत्रणा, सर्वांत लहान यंत्राच्या मागे लागतच नाहीत, त्यामुळे गोल्ड यांचा सिद्धान्त त्यांनी मोडला असंही नाही.

आणि ‘वाणी’चं काय? दुकानदार असेल तर ‘वाण्याला’, बोलणं असेल तर ‘वाणीला’. अक्षरं तीच, उत्तरं दोन. नुसती अक्षरं पाहून दर वेळी त्यांतलं बरोबर उत्तर निवडणारं यंत्र सापडणं कठीण नाही, ते असूच शकत नाही. लिंग किंवा संदर्भ वेगळा पुरवावाच लागतो.